मास्तरांचा परतबोल

मास्तर आता टॉवरवर येत नाहीत. त्यांच्या खुर्चीत मी बसते. सत्तावीस वर्षं ते डावीकडे रेलून धावपट्टीच्या टोकाकडे बघत बसले, त्यामुळे खुर्चीची डावी चाकं तिरकी झाली आहेत. मी उजवीकडे रेलणारी. खुर्ची दिवसभर कुरकुरते. नवी मागवता येईल, पण मी मागवत नाही.

त्यांच्याबद्दल बाहेर दोन गोष्टी सांगतात. एक, की ते देवमाणूस आहेत. दुसरी, की त्यांनी एका माणसाचा जीव घेतला. दोन्ही सांगणाऱ्यांनी टॉवरच्या शहाण्णव पायऱ्या कधी चढलेल्या नाहीत. मी रोज चढते, आणि त्या दुपारी मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते. म्हणून मीच सांगते. मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. सासरी, माहेरी, कामावर, कुठेही मला कुणी गप्प बसवू शकलेलं नाही. एकदाच बसले गप्प, ते त्या दुपारी.

आमचं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. लोक हे शिवी म्हणून देतात, आम्ही त्याचा पगार घेतो. चारी बाजूंनी काचेची खोली, काचा वरून बाहेर झुकलेल्या, म्हणजे आपलंच प्रतिबिंब आड येत नाही. समोर वाऱ्याचं घड्याळ, तीन फोन, एक दुर्बीण, आणि लाकडी उतरत्या फळीवर कागदाच्या पट्ट्या. एक विमान, एक पट्टी. विमान उतरलं की पट्टी काढायची. आमच्याकडे धावपट्टी एकच. दिवसाला पाच-सहा मोठी प्रवासी विमानं, त्यांतली निम्मी परदेशी वैमानिकांची. बाकी फ्लाइंग क्लबची लहान विमानं, आणि शेतांवर औषध फवारणारं एक जुनं विमान, शेपटीवर सत्तेचाळीस आकडा असलेलं. त्याचे वैमानिक म्हणजे आमचे फवारेबुवा.

आता भाषेचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. वायरलेसवर दोन भाषा चालतात. वैमानिकाने घरच्या भाषेत हाक मारली तर टॉवरने त्याच भाषेत उत्तर द्यावं, आणि कुणी इंग्रजी मागितली तर इंग्रजी द्यावीच, असं पुस्तकात आहे. मास्तरांच्या टॉवरमध्ये मात्र एकच भाषा. घरच्या भाषेत फक्त नमस्कार चालायचा, सुरुवातीला आणि निरोप घेताना. परदेशी वैमानिकसुद्धा हौसेने आमच्या भाषेत नमस्कार करतात, मोडका-तोडका. तेवढी सूट मास्तरांनी दिली होती. बाकी कुणी घरच्या भाषेत बोललं की मास्तर वर न बघता म्हणत, "से इन इंग्लिश."

ही हौस नव्हती. मास्तर शिकाऊ असताना याच टॉवरमध्ये एका साहेबाने क्लबच्या विमानाला घरच्या भाषेत उतरायची परवानगी दिली. धावपट्टीवर त्याच वेळी एक परदेशी विमान निघायच्या तयारीत उभं होतं. त्याच्या वैमानिकाच्या कानावर ते सगळं बोलणं पडत होतं, पण आपल्या डोक्यावर कोण येतंय याचा त्याला पत्ता नव्हता. क्लबचं विमान त्याच्या पाठीवरून गेलं. मास्तर सांगायचे, दोघांत एका शिडीचं अंतर होतं. साहेबाला पुढे काही झालं नाही. मास्तरांनी मात्र तेव्हाच ठरवलं, आपल्या टॉवरमध्ये एकच भाषा. "सगळे एकाच वाहिनीवर ऐकतात," ते आम्हाला सांगत. "एकाला कळलं आणि दुसऱ्याला नाही, तर दुसरा आंधळा होतो." हे खरं आहे. इतकं सगळं होऊनही मी ते खोटं म्हणणार नाही.

त्यांना मास्तर हे नाव मिळालं ते सगळ्यांना दुरुस्त करायच्या सवयीमुळे. खरं तर त्यांच्या घरात इंग्रजीचा गंध नव्हता. वडील खाणीवर पहारेकरी. मास्तर इंग्रजी शिकले ते विमानाच्या पुस्तकांतून, आरशासमोर उभं राहून. त्यामुळे त्यांची इंग्रजी तेवढीच. दाढ दुखते हे इंग्रजीत सांगता यायचं नाही, पण वादळात तीन विमानं एकापाठोपाठ उतरवताना एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. दर तीन वर्षांनी आमची भाषेची परीक्षा असते. तीत एक चित्र दाखवून त्यावर बोला म्हणतात. एकदा चित्रात फाटकाशी उभी असलेली बाई होती. मास्तर खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एक व्यक्ती, जागेवर थांबलेली, पुढचा इरादा अज्ञात." परीक्षक हसू दाबत पास करून गेला. आम्ही वर्षभर एकमेकांना "इरादा अज्ञात" म्हणत होतो. मास्तरही हसले, पण परीक्षा जवळ आली की त्यांचं जेवण तुटायचं.

दुसरी त्यांची खोड परतबोलाची. आमच्या धंद्यात सूचना दिली की वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणायची आणि टॉवरने ती नीट ऐकून बरोबर की चूक ते बघायचं. परतबोल बरोबर आला की आमचा जीव भांड्यात पडतो. मास्तरांनी हे घरीसुद्धा नेलं. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, म्हणायच्या, "येताना दूध आणा." मास्तर दारात चपला घालून उभे. "येताना दूध. एक पिशवी." मग काकूंनी "बरोबर" म्हणायचं. नाही म्हटलं तर ते उंबऱ्यातून हलायचे नाहीत. एकदा काकू रागावल्या होत्या, म्हणाल्याच नाहीत. मास्तर पाच मिनिटं पिशवी घेऊन तसेच उभे. "या माणसाशी भांडायची सोय नाही," काकू मला म्हणाल्या, "भांडलं तरी वाक्य परत म्हणून दाखवतो."

फवारेबुवा याच्या अगदी उलटे. चौथी शिकलेले, पन्नाशीचे, आणि तोंड कधी बंद नाही. विमानाला ते 'म्हातारी' म्हणायचे. तिच्याशी बोलायचे, तिला शिव्या द्यायचे, तिची माफी मागायचे. विजेच्या तारांखालून विमान काढणारा माणूस, पण वायरलेसचं बटण दाबलं की जीभ लुळी. त्यात वरून फर्मान आलं, की आमच्या हवेत उडायचं तर प्रत्येकाला भाषेची परीक्षा द्यावी लागेल. फवारेबुवा शहाण्णव पायऱ्या चढून वर आले, धापा टाकत मास्तरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, मला या वयात शाळेत घालताय होय?"

मास्तरांनी घातलं. दर रविवारी दुपारी तीन वाजता, मास्तरांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मिठाची बाटली म्हणजे परदेशी विमान, मिरपुडीची बाटली म्हणजे म्हातारी. मीही कधीकधी टॉवर व्हायला जायची. सतरा वाक्यं, एकूण सतरा. त्यांच्यापलीकडे मास्तर गेले नाहीत. ते म्हणायचे, "जास्त शिकवलं तर गोंधळेल." नुसती घोकंपट्टी. फवारेबुवा रडकुंडीला यायचे. "मास्तर, हे 'रिक्वेस्ट' म्हणताना माझ्या दातांची कवळी सुटेल." पण मन लावून शिकले. त्यांना मास्तरांचा धाक होता आणि त्याहून जास्त प्रेम होतं. परीक्षा पास झाले त्या दिवशी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मास्तरांच्या खुर्चीसाठी उशी शिवून पाठवली. वहिनी घरी शिवणकाम करतात, शाळेचे गणवेश शिवतात. उशीही त्याच निळ्या कापडाची होती. अजून त्याच खुर्चीत आहे.

त्या सतरा वाक्यांत 'मेडे' होतं. जीव धोक्यात असेल तेव्हा तीनदा म्हणायचा शब्द. शिकल्यावर दुसऱ्याच महिन्यात फवारेबुवांनी तो म्हटला. झालं होतं काय, तर म्हातारीच्या दाराची कडी निसटली होती आणि दार फडफडत होतं. बंब धावपट्टीवर आले, दोन मोठी विमानं आकाशात घिरट्या घालत राहिली, वरून फोन आले. उतरल्यावर मास्तरांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. "तो शब्द मरणाचा आहे. दाराच्या कडीसाठी नाही." फवारेबुवांनी दोन्ही कान धरले आणि म्हणाले, "पुन्हा नाही म्हणणार, मास्तर." मास्तर सवयीने म्हणाले, "बरोबर."

चार वर्षं गेली. त्या दुपारी ऊन होतं पण हवेत धुरळा होता, लांबचं धूसर दिसत होतं. एक परदेशी प्रवासी विमान उतरायला येत होतं. दहा-बारा मैलांवर असेल. मास्तर वायरलेसवर, मी शेजारी जमिनीवरच्या गाड्या आणि विमानं सांभाळत होते. मास्तरांच्या एका कानाशी फोन होता, हवामानवाल्यांचा. तेवढ्यात फवारेबुवांचा आवाज आला, घरच्या भाषेत. घाबरलेला नव्हता. नेहमीसारखाच, थोडा घाईचा.

"मास्तर, म्हातारी धाप टाकतेय. मला सरळ आत घ्या."

मास्तरांनी फोन खांद्यात धरला, बटण दाबलं आणि वर न बघता म्हणाले, "से इन इंग्लिश."

मग काहीच आलं नाही. टेपवर ते अकरा सेकंद आहेत. त्या अकरा सेकंदांत फवारेबुवा काय करत होते ते मला ठाऊक आहे, कारण त्यांना तसं करताना मी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी कितीदा पाहिलंय. डोळे मिटून, ओठ हलवत, सतरांतलं वाक्य शोधत होते. इंजिन धाप टाकतंय याचं वाक्य सतरांत नव्हतं. मेडे होतं, पण ते मरणाचं, आणि म्हातारी तर नुसती धाप टाकत होती.

मग त्यांचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द जपून. "टॉवर, फोर सेव्हन, रिक्वेस्ट लँडिंग."

हे वाक्य नंबर तीन. उतरू इच्छितो, एवढंच. मास्तरांनी पट्टी सरकवली आणि सांगितलं, तुमचा नंबर दुसरा, वळसा घ्या, मोठ्या विमानाच्या मागे या. आणि फवारेबुवांनी सगळं परत म्हटलं. नंबर, वळसा, कुणाच्या मागे ते. शेवटी स्वतःचा आकडा. चार वर्षांत इतका स्वच्छ परतबोल त्यांनी कधी दिला नव्हता. मास्तरांच्या तोंडावर हसू आलं. मी ते पाहिलं.

मी त्यांचं पहिलं वाक्य ऐकलं होतं. सगळं, शब्दन् शब्द. माझ्या डाव्या हाताशी दुसरा माइक होता. पण शेजारच्याच्या वाहिनीवर तोंड घालायचं नाही, ही आमच्याकडे दगडावरची रेघ. शिवाय मला वाटलं, मास्तरांनीही ऐकलंच असणार. मग परतबोल आला, अगदी चोख, आणि माझाही जीव भांड्यात पडला. खरंच अडचण असती तर बुवा बोलले असते, असं मी स्वतःला सांगितलं. तोंडाची फटकळ म्हणवणारी मी.

परदेशी विमान उतरलं. त्याची चाकं टेकत असतानाच धावपट्टीच्या पलीकडे, वीटभट्टीमागे, धुरळ्यात एक काळपट ठिपका खाली गेला आणि वर आलाच नाही. सरळ आत घेतलं असतं तर ते पाच मिनिटं आधी उतरले असते. परदेशी विमानाला एक घिरटी मारायला सांगितली असती, की झालं. रोज सांगतो आम्ही.

चौकशीवाले आले. चांगली माणसं होती, चहा घ्यायची, हळू बोलायची. टेपवरचं बोलणं मुख्य कार्यालयात टाइप झालं होतं. तिथे इंग्रजीच टाइप करतात. घरच्या भाषेत काही असलं तर ते बहुतेक वेळा नमस्कारच असतं, म्हणून टाइप करणाऱ्याने तिथे सवयीने लिहिलं होतं, 'स्थानिक भाषेत अभिवादन.' मास्तरांच्या 'से इन इंग्लिश'वरही कुणी अडलं नाही. ते तर ते दिवसातून दहादा म्हणत.

सही करण्याआधी आम्हा दोघांना टेप ऐकवली. मास्तरांनी कानांवर हेडफोन चढवला. फवारेबुवांचं पहिलं वाक्य आलं आणि मास्तरांचा चेहरा उतरला. तेव्हा मला कळलं की त्या दुपारी त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. त्यांच्या कानाने फक्त भाषा ओळखली होती, दाराबाहेरच्या माणसाच्या चपला बघून दार लावावं तशी. वाक्य त्यांनी टेपवर पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. टेबलावरचा कागद सरकत आमच्यापुढे आला. 'वरील मजकूर टेपनुसार आहे.' मास्तरांनी सही केली आणि मग मी केली. हात झाला पुढे.

चार महिन्यांनी अहवाल आला. टॉवरची भाषा स्पष्ट आणि नियमाला धरून होती. वैमानिकाने अडचणीची कोणतीही सूचना दिली नाही. त्या दुसऱ्या वाक्याने फवारेबुवांना पुन्हा एकदा मारलं. क्लबात लोक म्हणायला लागले, इंग्रजी येत नाही म्हणून लाजला आणि जीव गमावून बसला. बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असं कुणीतरी चहा पिता पिता म्हणालं. फवारेबुवांबद्दल, जे झोपेतसुद्धा बोलायचे म्हणे.

वहिनी टॉवरच्या फाटकाशी आल्या. हातात अहवालाचं पत्र, इंग्रजीत. मास्तर आणि मी खाली गेलो. त्या म्हणाल्या, "मला वाचता येत नाही हे. लोक म्हणतात, यांनी काही सांगितलंच नाही. हा माणूस भाजी तिखट झाली तरी गल्लीभर सांगायचा. मरताना गप्प कसा बसेल? तुम्हीच सांगा, मास्तर. यांचं शेवटचं बोलणं तुमच्याशीच झालं ना?"

मास्तरांनी पत्र घेतलं आणि एकेक ओळ वाचून घरच्या भाषेत सांगितली. लिहिलं होतं तेवढीच. चूक एक नाही. वहिनींनी पत्राची घडी घातली, "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. मास्तर पायऱ्या चढायला लागले आणि चाळिसाव्या पायरीवर बसले. मी दोन पायऱ्या खाली उभी होते. मला संताप आला होता, त्यांचा आणि स्वतःचाही. पण बोलले काय, तर, "चला, कामाची पाळी आहे."

त्यानंतर मास्तरांनी दुरुस्त करणं सोडलं. क्लबची पोरं वायरलेसवर वाट्टेल ती इंग्रजी बोलायची, घरची भाषा घुसडायची, मास्तर काही म्हणायचे नाहीत. कुणी घरच्या भाषेत हाक मारली की ते दचकायचे, बटण न दाबता माझ्याकडे बघायचे, मग मी उत्तर द्यायची. काकूंनी मला फोन करून विचारलं, "कामावर काही झालंय का? परवा म्हटलं दूध आणा, तर नुसतं बरं म्हणून गेले. परत म्हटलंच नाही. आणि दूधही आणलं नाही." मी म्हटलं, काही नाही, थकलेत.

मग एका रविवारी अडीच वाजता त्यांचा मला फोन. "तीनला माझ्याबरोबर येशील? वहिनींकडे जायचंय."

मी त्यांच्या घरी गेले तर ते स्वयंपाकघरात त्याच टेबलापाशी बसले होते. पुढे एक पाकीट. चौकशीवाल्यांना लिहिलेलं पत्र, दोन पानी. पाकीट उघडंच होतं. त्यांनी मला वाचायला दिलं. सगळं लिहिलं होतं: वाक्य, उत्तर, अकरा सेकंद, आणि चुकीच्या मजकुरावर केलेली सही. माझं नाव कुठेच नव्हतं. लिहिलं होतं, 'शेजारच्या खुर्चीतील व्यक्तीबद्दल मी बोलू शकत नाही.'

मी म्हटलं, "मास्तर, हात दाखवून अवलक्षण कशाला? लायसन्स जाईल. सत्तावीस वर्षांवर बोळा फिरवताय. बुवा काही परत येणार नाहीत."

हे मी त्यांच्यासाठी म्हणत होते असं मला तेव्हा वाटत होतं. आता वाटत नाही. त्या कागदावर दोन सह्या होत्या.

"पोरी," मास्तर म्हणाले, "त्याने सांगितलं होतं. आणि कागदावर आहे की सांगितलं नाही. मी हे ऐकून घेऊ शकत नाही. आयुष्यभर मी चुकीचं वाक्य पुढे जाऊ दिलेलं नाही."

"मग पत्र टाका पेटीत. घरी कशाला जायचं?"

"पेटीत टाकल्यावर माझी काही सुटका नाही, माहितेय मला. पण आधी तिला कळायला हवं. तिच्या भाषेत."

वहिनींच्या घरी पुढच्या खोलीत मशीन होतं आणि बाजूला निळ्या गणवेशांचा ढीग. खुर्च्यांवरचे कपडे काढून त्यांनी आम्हाला जागा केली. पाणी दिलं. स्वतः मशीनच्या स्टुलावर बसल्या. मास्तर बसले नाहीत. ग्लास हातात घेऊन उभे राहिले, दारात दुधासाठी उभे राहायचे तसे.

"वहिनी, त्या दिवशी वाचून दाखवलं ते बरोबर नव्हतं," ते म्हणाले. "कागदावर होतं तेच सांगितलं. पण कागदच चुकीचा आहे. ते बोलले होते."

वहिनींनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"मला हाक मारून म्हणाले, मास्तर, म्हातारी धाप टाकतेय. मला सरळ आत घ्या."

वहिनींनी हात मांडीवर ठेवले. त्यांना आमच्या धंद्यातलं काही ठाऊक नाही. फवारेबुवांनी घरी कधी शिकवलं असेल असंही वाटत नाही. पण त्या हळूहळू, एकेक शब्द लावत म्हणाल्या, "मास्तर, म्हातारी धाप टाकतेय. मला सरळ आत घ्या."

परतबोल ऐकून गप्प राहायचं नसतं.

"बरोबर," ते म्हणाले.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मास्तरांच्या तोंडून ते आलं तसंच आलं. "से इन इंग्लिश." वहिनी बघत राहिल्या. त्यांना कळलं नव्हतं. त्यांना कळलं नाही हे मास्तरांना दिसलं, आणि मग त्यांना ते सांगावं लागलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"मी म्हणालो, इंग्रजीत सांगा."

"इंग्रजीत सांगा," वहिनी म्हणाल्या.

"बरोबर."

बाहेर कुणाच्या तरी घरी नळ वाहत होता. वहिनींनी ढिगातला एक गणवेश ओढला, त्याची कॉलर सरळ केली आणि परत ठेवला. शिव्या देतील, रडतील, आम्हाला घालवून देतील, या सगळ्याची मी तयारी करून गेले होते. त्या माझ्याकडे वळल्या.

"ताई, तुम्ही पण तिथेच होतात?"

"होते."

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं," मी म्हटलं. "सगळं."

त्यांनी खूप वेळ माझ्याकडे बघितलं. त्या नजरेबद्दल मी काही सांगणार नाही. मग त्या मशीनकडे, भिंतीकडे, कुठेतरी बघत म्हणाल्या, "म्हणजे सांगितलं होतं त्यांनी."

मास्तरांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज निघेना. मी वाट बघितली. मग त्यांच्या वाहिनीवर मी बोलले.

"बरोबर," मी म्हटलं.